हिवाळ्यातील गाण्यांची निवड : निमोणे आणि शिरूर-दौंडचा परिसर

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात, म्हणजे घाटमाथ्यावर रिते झालेले ढग येथे पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरलेले नसते; त्यामुळे शिरूर तालुक्याच्या पूर्व भागातील, घोड नदीच्या खोऱ्यातील निमोणे आणि त्याच्या शेजारची गावे पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यावर अधिक विसंबून राहिली. परतीच्या पावसाची ओल जमिनीत धरून ठेवायची, तिच्यावर आश्विनात ज्वारी आणि हरभरा पेरायचा आणि माघ-फाल्गुनात तो काढायचा, हा रब्बीचा क्रम या भागाच्या जगण्याचा कणा होता. पंचांगात सहा ऋतू असले तरी शेतकरी वर्षाचे तीनच भाग करतो, आणि त्याच्या हिशेबात दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा सारा काळ हिवाळाच असतो. या काळात कोणती गाणी गायची, कोणत्या क्रमाने गायची आणि ती कोणी निवडायची, याचे नियम या परिसरात पिढ्यानपिढ्या घडत गेले. आज हिवाळ्यासाठी स्वतःच्या आवडीच्या गाण्यांची यादी मोबाइलमध्ये करून ठेवणारा तरुण जे करतो त्याला या परिसरात फार जुना पूर्वेतिहास आहे, आणि तो इतिहास मैफलीत किंवा रंगमंचावर शोधण्यापेक्षा दळणाच्या जात्यापाशी शोधावा लागतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

शास्त्रग्रंथांनी ऋतू आणि गायन यांचा संबंध फार पूर्वी जोडला होता. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघणाच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात रागांना त्यांच्या गायनाचे ऋतू आणि प्रहर नेमून दिलेले आढळतात. प्रहर म्हणजे दिवसाचा किंवा रात्रीचा सुमारे तीन तासांचा भाग. पुढे हनुमन्मत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरेत सहा मुख्य राग सहा ऋतूंना वाटून देण्यात आले, आणि त्यात हेमंताकडे श्री व शिशिराकडे मालकंस हे राग आले. प्रत्यक्ष गायनात मात्र ही वाटणी टिकली नाही. वर्षा ऋतूचा मल्हार आणि वसंतातील बसंत व बहार एवढेच राग ऋतूचे म्हणून लोकांच्या मनात राहिले, विष्णु नारायण भातखंडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रागांच्या वेळांची जी पद्धतशीर मांडणी केली तिच्यातही प्रहराला महत्त्व मिळाले आणि ऋतू मागे पडला, तर हेमंत या नावाचा जो राग आज ऐकू येतो तो उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अलीकडच्या काळात घडवलेला मानला जातो. मराठी भावगीताची स्थितीही फार वेगळी नाही. पाऊस, चांदणे आणि श्रावण यांच्या गाण्यांनी ते समृद्ध आहे, पण थंडीचे गाणे त्यात अभावानेच सापडते, आणि १९९८ मध्ये मिलिंद इंगळे व सौमित्र यांचा ‘गारवा’ हा गीतसंग्रह घराघरांत पोहोचला तेव्हा त्यातील गारवाही पावसाचाच होता. हिवाळ्याचे गाणे नागर संगीताने जवळजवळ सोडून दिले होते. ते जपले ते खेड्याने, आणि खेड्यातही प्रामुख्याने बायकांनी.

याचे एक कारण धान्यात आहे. निमोणे परिसरात खरिपात, म्हणजे पावसाळी हंगामात, बाजरी होई; ती आश्विनात खळ्यावर येई आणि उष्ण मानली गेल्याने थंडीच्या दिवसांत तिचीच भाकरी खाल्ली जाई. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते लवकर कडवट होते, म्हणून ज्वारीचे पीठ एखाददुसरा दिवस ठेवता आले तरी बाजरी मात्र रोजच्या रोज दळावी लागे, आणि कार्तिक ते माघ या महिन्यांत पहाटेचे दळण कोणत्याही घरी चुकत नसे. रात्र मोठी, कोंबडा आरवण्यापूर्वीचा अंधार दाट, घरातील पुरुषमाणसे घोंगडीत गुरफटलेली, आणि जात्याच्या दोन बाजूंना सासू-सून किंवा दोघी जावा एकाच खुंट्याला हात घालून बसलेल्या, अशा वेळी गाणे ही चैन राहत नाही, ते श्रमाचे अंग होते. दळणाऱ्या बाईचे हात थंडीने आखडलेले असत आणि ओवीच्या लयीवर पहिले चार-सहा फेरे निघाले की ते मोकळे होत. जाते जड चालू लागले की ओवी संथ होई आणि पाळे हलके फिरू लागले की ती उचलली जाई.

ओवी म्हणजे दोन ओळींची, प्रत्येक ओळ आपल्यापुरती पुरी असलेली आणि गाताना मध्ये संबोधने व आवर्तने घालून लांबवता येणारी रचना होय. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आहे, म्हणजे या गायनाला लिखित पुरावा असलेली नऊशे वर्षे झाली आहेत. ज्ञानेश्वरांनी ग्रंथरचनेसाठी ओवीचाच आधार घेतला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ग्रंथातील ओवी आणि जात्यावरची ओवी यांत एक मोठे अंतर आहे. ग्रंथातील ओवीची जागा ठरलेली असते, तिच्या आधी काय आणि नंतर काय हे कर्त्याने बांधून दिलेले असते. जात्यावरची ओवी सुटी असते. आईकडून, आजीकडून, मावळणीकडून, म्हणजे आत्याकडून, आणि सासरी आल्यावर जावा-नणंदांकडून कानावर पडलेल्या शेकडो ओव्या एकेका बाईच्या स्मरणात साठलेल्या असत, आणि त्या पहाटे त्यांतील कोणत्या काढायच्या, कोणती आधी आणि कोणती नंतर, हा निर्णय सर्वस्वी तिचा असे.

या निवडीला शिस्त नव्हती असे नाही. दळणाचा आरंभ देवाच्या स्मरणाने होई. पहिली, दुसरी, तिसरी अशी ओव्यांची मोजणी करत एकेक ओवी एकेका देवाला, मग आईबापाला, मग भावाला वाहण्याची रीत महाराष्ट्रभर आढळते, आणि शिरूरच्या बाजूला या मोजणीत पंढरीच्या विठोबाबरोबर जेजुरीचा खंडोबा आणि गावोगावचा भैरवनाथ येणे स्वाभाविक होते. एवढे कर्तव्य पार पडले की पुढचा सारा वाव गाणारीचा होता. भाऊबिजेला माहेरी जाणे झाले नसेल तर भावाच्या ओव्या लांबत, सासरचा जाच असेल तर तो सीतेच्या वनवासाच्या ओव्यांआड बोलला जाई, संक्रांत जवळ आली की वाण, तीळ आणि नव्या चुड्याच्या ओव्या वर येत, आणि घरात तान्हे मूल असेल तर दळण संपेपर्यंत त्याचेच कौतुक चाले. ऐकणारा जवळ नाही, असला तरी तो झोपेत आहे, आणि सोबतीची बाई तेच दुःख जाणते, या खात्रीमुळे जे दिवसा उच्चारता येत नसे ते येथे निवडता येई. समूहगीतांच्या इतिहासात व्यक्तीला स्थान नसते असे एक सरधोपट मत लोकसाहित्याच्या चर्चेत वारंवार मांडले जाते, आणि जात्यावरची ओवी ते मत खोटे ठरवते. कारण शब्द समूहाचे असले तरी त्या पहाटेची माळ एका बाईची, तिच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीची होती. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या संग्रहात आणि पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अनेक खंडांत या ओव्या एकत्र केल्या, तेव्हा त्यांची विषयवार विभागणी झाली. संग्रहासाठी ते आवश्यक होते, तरी पहाटेच्या त्या मूळ क्रमाचा माग त्यात राहू शकला नाही.

याच पहाटे गावात दुसरे एक गायन चालू असे, आणि त्याची निवड जात्याच्या अगदी उलट तत्त्वावर झालेली होती. साधारणपणे कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत विठ्ठल-रखुमाईच्या किंवा मारुतीच्या देवळात रोज पहाटे काकडा होतो. तेलातुपात भिजवलेल्या कापडाच्या जाड वातीने देवाला ओवाळून जागे करण्याचा हा विधी असून त्याभोवती वारकरी संप्रदायाने अभंगांची एक दीर्घ मालिका गुंफली आहे. मंगलाचरण, काकड्याचे अभंग, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळा, पांगळा, जोगी, दळण, घोंगडे अशी रूपके, त्यानंतर गौळणी आणि शेवटी आरती, असा हा क्रम वारकरी भजनी मालिकेच्या छापील पुस्तकांनी घराघरांत नेला. रूपक म्हणजे व्यवहारातील एखादे माणूस किंवा काम घेऊन त्यातून परमार्थ सांगणारा अभंग, आणि ही रूपके पाहिली की हिवाळ्याचे खेडे त्यांत पुरेपूर उतरलेले दिसते. मोरपिसांची टोपी घालून चिपळ्या वाजवत पहाटे दारी येणारा वासुदेव, अंधारात हाळी देणारा पांगूळ, किंगरीवर गाणारा जोगी हे सारे खरोखरच खरिपाचे धान्य घरात आल्यावर, म्हणजे हिवाळ्यातच, गावोगाव फिरत असत, कारण दान मागण्याचा योग्य काळ तोच होता. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही भिक्षेवर जगणाऱ्या अशा समाजांची दखल घेतलेली आहे. संतांनी त्यांचीच सोंगे आपल्या अभंगांत घेतली आणि ते अभंग पुन्हा त्याच ऋतूच्या पहाटे गायले जाऊ लागले. दळणाचे रूपक देवळात पुरुष टाळमृदंगावर गात असताना पलीकडच्या आळीत खरे दळण चालू असे.

काकड्याचा क्रम कोणी एकटा बदलू शकत नाही. चाल कोणती लावायची, एखादा अभंग किती आळवायचा, वेळ उरला तर जादाची गौळण कोणती घ्यायची, एवढाच अधिकार भजनी मंडळाच्या म्होरक्याकडे, म्हणजे विणेकऱ्याकडे किंवा चाल सांगणाऱ्याकडे, असतो. तरीही या मालिकेने खेड्याला एक मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे महिनाभराच्या पुनरावृत्तीतून पाठ झालेला, एकमेकांशी सांधलेला गाण्यांचा संच. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही ‘याच्यानंतर हे’ अशी जोडणी ठाऊक झाली आणि एखादा अभंग कानावर पडताच पुढचा आपोआप ओठावर येऊ लागला. थंडीच्या पहाटे या गायनाचा पल्लाही वाढतो. रात्रभर उष्णता गमावलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असल्याने आवाज वर न निसटता खाली वळतो आणि वारा पडलेला असला तर टाळांचा नाद शिवारातील वस्त्यांपर्यंत पोहोचतो. देवळात न गेलेल्यांचे पाठांतरही त्यामुळे होत राही. काकडा संपतो न संपतो तोच कार्तिक वद्यात आळंदीला ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीचा सोहळा येतो, आणि शिरूर-दौंडच्या दिंड्या त्या वाटेला लागतात तेव्हा महिनाभर घोटलेले अभंगच त्यांच्याबरोबर चालतात.

मार्गशीर्ष लागला की या भागाचे लक्ष पंढरीकडून जेजुरीकडे वळते. दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात असलेल्या जेजुरीला मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत खंडोबाचे षड्रात्र, म्हणजे सहा रात्रींचे नवरात्र, चालते; षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, मणी आणि मल्ल या दैत्यांवरील विजयाचा उत्सव होतो आणि चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने पुन्हा ताटात येते. ज्यांचे कुलदैवत खंडोबा आहे त्या घरांत लग्नानंतर किंवा नवस फेडण्यासाठी जागरण घातले जाते, आणि वाघ्या व मुरळी या खंडोबाच्या उपासकांनी दिमडी, तुणतुणे आणि घाटी, म्हणजे घंटा, यांच्या साथीने रात्रभर गायचे हे विधिनाट्य आहे. त्याचाही क्रम बांधलेला असतो: प्रथम गण, मग गावोगावच्या देवांना जागरणाला येण्याचे आवाहन, मग म्हाळसा आणि बाणाई यांच्या कथा, शेवटी लंगर तोडणे, म्हणजे लोखंडी साखळी हिसक्याने तोडण्याचा विधी, आणि दिवटीची आरती. मात्र आवाहनात कोणते देव घ्यायचे हे यजमानाच्या कुळावर अवलंबून असते, आणि मध्यरात्रीनंतर कथेला विसावा देण्यासाठी जी पदे म्हटली जातात त्यांत ऐकणाऱ्यांची फर्माईश चालते. अंगणातील शेकोटी येथे गायनाचे साधनही होती, कारण दवाने दिमडीचे कातडे सैल पडले की आवाज बसतो आणि ते आगीवर धरून ताणून घ्यावे लागते. हलगी वाजवणारेही तेच करतात. बाणाई ही धनगराची लेक, आणि या भागातील धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन स्थलांतराला निघत असल्याने त्यांच्या धनगरी ओव्या, ज्यांत गायलेला भाग आणि कथेसारखा सांगितलेला भाग आलटून पालटून येतो, हिवाळ्यात गावाऐवजी वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, रात्री रंगत. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खंडोबा आणि धनगर यांच्या अभ्यासासाठी या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या.

रानातील गाण्यांबद्दल येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. गहू-हरभऱ्याला विहिरीचे पाणी देताना मोट हाकणारा बैलांना उद्देशून गात असे. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर, म्हणजे चार मेढींवर बांधलेल्या मचाणावर, बसलेला राखणदार गोफण फिरवता फिरवता हाळ्या आणि गाणी मिसळत असे. पौषात हुरडा, म्हणजे कोवळी ज्वारी, आगटीत भाजताना कलगी आणि तुरा या दोन पंथांची भेदिक गाणी, ज्यांत एकाने कोडे घालायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, रंगत. आणि सुगीत सगळे मिळून भलरी म्हणत. या सर्वांत निवड कामाच्या लयीने केलेली होती, गाणाऱ्याने नव्हे.

या परिसराच्या हिवाळी गाण्यांचा विचार करताना दोन प्रवाह बहुधा वगळले जातात, आणि ते वगळणे अन्यायाचे आहे. पहिला प्रवाह नाताळच्या गाण्यांचा. घोडनदी, म्हणजे शिरूर, ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजांची लष्करी छावणी होती आणि त्याच शतकात अमेरिकन मराठी मिशनने तेथे केंद्र उघडले. दौंडला रेल्वेचे जंक्शन झाल्यावर, विशेषतः १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर, रेल्वेच्या वसाहतीबरोबर चर्चही आले. या मंडळ्यांची उपासना आरंभी इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांनी होत असे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले आणि पुढे अहमदनगरला राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, ओवी आणि पद यांच्या वळणावर ख्रिस्ती भजने रचली, आणि तेव्हापासून डिसेंबरच्या रात्री टाळ-मृदंगावर येशूजन्माची गाणी म्हणणे हा येथील मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा रिवाज झाला. विठोबाच्या काकड्याची आणि ख्रिस्तजन्माच्या भजनाची चाल कधी कधी एकाच वळणाची असावी, हे या भूमीच्या गाण्याचे मोठे वैभव आहे.

दुसरा प्रवाह भीमगीतांचा. पुणे-नगर रस्त्यावर भीमेच्या काठी कोरेगावच्या लढाईचा जयस्तंभ आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे येऊन मानवंदना दिली आणि त्यानंतर तो दिवस दलित समाजाच्या स्वाभिमानाचा दिवस बनला. तमाशाच्या ढंगात सामाजिक विचार मांडणारे आंबेडकरी जलसे १९३० नंतरच्या काळात गावोगाव पोहोचले, वामनदादा कर्डक यांनी असंख्य भीमगीते रचली आणि गायली, आणि ६ डिसेंबर १९५६ नंतर, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, ६ डिसेंबर ते १ जानेवारी हा हिवाळ्याचा काळ या गीतांचा विशेष काळ ठरला. ऋतूशी गाण्याचे नाते पीक आणि पंचांग यांनीच जुळते असे नाही, ते इतिहासातील तारखेनेही जुळू शकते, हे या गीतांनी दाखवून दिले. जात्यावरच्या बायकांनीही देवांच्या बरोबरीने भीमरायाची ओवी बांधली, हे नव्या निवडीचे फार ठळक उदाहरण आहे.

हिवाळ्याच्या या गाण्यांत तमाशाही होता; दसऱ्याला त्याचे फड, म्हणजे मंडळ्या, बाहेर पडत आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरत. शिरूरपासून फारसे दूर नसलेले जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे या फडांचे प्रमुख केंद्र, आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव त्या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. तमाशात प्रेक्षक पैसे देऊन हवी ती लावणी पुन्हा म्हणवून घेऊ शकत असे. पैशाने गाणे निवडण्याची ही रीत काकड्यात किंवा जात्यावर कल्पनेतही नव्हती.

१९४७ नंतरच्या तीन-चार दशकांत ही सारी व्यवस्था पालटली, आणि ती पालटवली संगीताने नव्हे तर यंत्रांनी. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे दळण थांबले. तेलावर चालणारी इंजिने आणि मग विजेचे पंप आले आणि मोट विहिरीच्या काठावर पडून राहिली. घोड नदीवर चिंचणीला धरण झाले, कालवे आले, ऊस आला, आणि कारखान्यांचा गळीत हंगाम हिवाळ्यातच येत असल्याने रब्बीच्या ज्वारीभोवतीची गाणी मागे सरली. स्त्रियांच्या दृष्टीने गिरणी ही मोठी सुटका होती, आणि ओव्यांच्या विरहाने हळवे होणाऱ्यांनी त्या श्रमाचा भार विसरता कामा नये. तरीही गाण्याची जागा गेली ती गेलीच, कारण ओवी उभ्याने, रिकाम्या हातांनी म्हणायची गोष्ट नव्हती.

रिकाम्या झालेल्या पहाटेत रेडिओ शिरला. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि त्याच वर्षी पुण्यात सवाई गंधर्व यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ डिसेंबरातील संगीत महोत्सवाला आरंभ होऊन शहराच्या हिवाळ्यालाही त्याचे स्वतःचे रात्रभराचे गाणे मिळाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतामंडळांचा जो प्रयोग झाला त्यात पुण्यासह पाच जिल्ह्यांतील १५० गावे होती, आणि सामुदायिक श्रवणाची सवय अशा उपक्रमांतून खेड्यात रुजली. सकाळच्या भक्तिगीतांनी काकड्याची वेळ घेतली, पण त्यांचा क्रम आता देवळातील विणेकऱ्याच्या हातून स्टुडिओतील अधिकाऱ्याच्या हाती गेला. ‘आपली आवड’ या कार्यक्रमाने श्रोत्याला पत्र लिहून गाणे मागण्याची सोय दिली आणि पोस्टकार्डावर गाण्याचे नाव, आपले नाव आणि गावाचे नाव लिहून पाठवणारा खेड्यातील श्रोता पहिल्यांदाच नावानिशी निवड करणारा झाला. जात्यावरची बाई निवडत होती ती निनावीपणे. या श्रोत्याची निवड आकाशातून त्याच्या गावाच्या नावासह परत येत होती, आणि त्यात गावाला वाटणारा आनंद खरा होता.

१९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांच्या भक्तिगीतांनी व लोकगीतांनी ग्रामीण बाजारपेठ व्यापली. कॅसेट ध्वनिक्षेपकावर लावण्याची सोय झाल्याने देवळाच्या कळसाजवळ भोंगे बसले. थंडीच्या पहाटे सगळ्या गावाने एकच गाणे ऐकायचे, तेही गायला कोणी उठलेले नसताना, ही स्थिती त्यामुळे आली, आणि काकड्याला बसणाऱ्यांची संख्या रोडावण्यामागे तिचाही हात आहे. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, २००० या केंद्र सरकारच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई केली. झोपेचा आणि आजाऱ्यांचा विचार करता हे नियम योग्यच होते, मात्र रात्रभराचा तमाशा आणि शहरातील रात्रभराची मैफल यांना त्यामुळे आटोपते घ्यावे लागले. जागरण आणि काकडा हे मुळात ध्वनिक्षेपकाशिवायचे असल्याने त्यांना त्यांच्या जुन्या रूपाकडे परतण्याची वाट मोकळी राहिली, आणि जेथे भजनी मंडळे जिवंत होती तेथे ती वाट धरलीही गेली.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने शिरूर तालुक्यात पाळीने काम करणारा तरुण वर्ग निर्माण केला, आणि त्याच काळात मोबाइल हाती आला. तालुक्याच्या बाजारपेठांतील दुकाने मेमरी कार्डात गाणी भरून देऊ लागली. गिऱ्हाईक नुसता प्रकार सांगे आणि दुकानदार आपल्या संगणकातील तयार संच कार्डात उतरवी, त्यामुळे वैयक्तिक दिसणारी ही यादी पुष्कळदा दुकानदाराने केलेली असे. स्वस्त इंटरनेट आल्यावर ती मध्यस्थीही संपली. पहाटेच्या पाळीला निघालेला कामगार कानात तार घालून जो संच ऐकतो त्यात एखादा काकड्याचा अभंग, एखादे खंडोबाचे गाणे, एखादे भीमगीत आणि सिनेमातील चारदोन गाणी शेजारी शेजारी येऊ शकतात, आणि ती निवड पुन्हा एकदा एकट्याची, मनःस्थितीवर अवलंबून, कोणालाही उत्तर न देणारी झाली आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की जात्यावरची बाई निवडलेले गाणे स्वतः गात होती.

तिच्या गाण्यांचा सर्वांत मोठा संग्रह पुण्यातच सिद्ध झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ या अभ्यासकांनी आपल्या समाजशास्त्रीय संशोधन केंद्रामार्फत १९८० च्या दशकापासून मुळशी खोऱ्यातील गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने जात्यावरच्या ओव्या उतरवून घेण्यास आरंभ केला. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांत शिरूर तालुक्यातील सविंदणे येथील गायिकांच्या ओव्याही आहेत, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या क्रमाक्रमाने लोकांसमोर आणल्या. त्यांचे वर्गीकरण अतिशय बारकाईने विषयवार केलेले असल्याने भावाची, पंढरीची, सीतेची किंवा भीमरायाची ओवी आज कोणीही शोधून घेऊ शकतो. मात्र विषयांच्या कप्प्यांत गेलेली प्रत्येक ओवी तिच्या आधीच्या आणि नंतरच्या ओवीपासून सुटी झाली आहे, आणि एखाद्या बाईने एका बैठकीत कोणत्या ओवीला कोणती जोडली हे जाणून घेण्यासाठी बर्नार्ड बेल यांनी या प्रकल्पात गावोगाव केलेल्या सुमारे १२० तासांच्या ध्वनिमुद्रणाकडेच जावे लागते. गायिकेचा श्वास, जात्याची घरघर आणि दोन ओव्यांमधील थांबा त्यातच राहिला आहे, म्हणून हिवाळ्यातील गाण्यांच्या निवडीचा अभ्यास यापुढे करणाऱ्याने लिखित संग्रहाच्या आधी ते तास मुळापासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता ऐकावेत.